आजोबांचा पारा आणि आईचं डिजिटल बीपी मशीन (आठ महिने वापरून लिहितेय)

आधीच सांगते, ब्रँडचं नाव टाकणार नाहीये, कारण या किमतीतली सगळी मशीन आतून साधारण सारखीच असतात आणि मला जे सांगायचंय ते कुठलंही घेतलंत तरी लागू पडेल. दंडाला पट्टा बांधायचं, चार पेन्सिल सेलवर चालणारं, एक मोठं बटण असलेलं साधं ऑटोमॅटिक मशीन. ब्लूटूथ नाही, अ‍ॅप नाही. मिरजेत एका सर्जिकल दुकानातून १,९५० ला घेतलं, खोक्यावर एमआरपी ३,४०० छापलेली. हा एमआरपीचा खेळ काय असतो देव जाणे. २०२१ च्या जुलैत सरकारनं बीपी मशीन, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, नेब्युलायझर आणि डिजिटल थर्मामीटर या पाच गोष्टींवरच्या मार्जिनला ७० टक्क्यांचा लगाम लावला होता, कोविडमध्ये विकणाऱ्यांनी लोकांना अक्षरशः लुटलं म्हणून. तर खोक्यावरचा आकडा वाचून घाबरू नका आणि 'निम्म्या किमतीत मिळालं' म्हणून फार खूशही होऊ नका.

घ्यायची वेळ का आली ते सांगते. आई ६९ वर्षांची, पाच मिलिग्रॅमची बीपीची गोळी चालू. दवाखान्यात गेली की दरवेळी १५६/९४, १६०/९२ असलं काहीतरी निघायचं, डॉक्टर म्हणायचे गोळी वाढवू या का, आणि आई घरी येऊन म्हणायची मला काहीच होत नाही, तिथं त्या बाकावर दोन तास बसून माझं डोकं फिरतं म्हणून वाढतंय. शेवटी डॉक्टरच म्हणले की सात दिवस घरी मोजा, वहीत लिहून आणा, मग ठरवू.

यावर बाबांचं म्हणणं, नवीन कशाला आणायचं, आपलं आहे की! आपलं म्हणजे माझ्या आईच्या वडिलांचं, पाऱ्याचं. आजोबा तासगावकडं प्रॅक्टिस करायचे, त्यांचं ते राखाडी पत्र्याचं लांबडं खोकं, झाकण उघडलं की काचेची नळी उभी राहते, खाली रबरी फुगा, पट्ट्याला हूक. आमच्या घरात ते देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखं जपलेलं. बाबा ठाम, 'पारा खोटं बोलत नाही.' त्यात तथ्य आहे हो, एकेकाळी तोच मानदंड होता, १८९६ साली इटलीच्या रिवा-रोच्ची नावाच्या डॉक्टरनं पट्टा आणि पाऱ्याची नळी जोडली, १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हनं स्टेथो लावून ठोके ऐकायची युक्ती काढली आणि पुढची शंभर वर्षं जगभर तेच चाललं. पाराच का, तर तो पाण्याच्या १३.६ पट जड, नुसतं पाणी भरलं असतं तर १२० बीपी दाखवायला सव्वापाच फुटी नळी लागली असती आणि २०० वाल्याला स्टूलवर चढून वाचावं लागलं असतं.

पण आजोबांचं मशीन उघडलं तर पट्टा बांधायच्या आधीच पारा शून्यावर नाही, चारवर. वरचा भाग काळपट, काचेला चिकटलेला. आणि मुख्य अडचण म्हणजे ऐकणार कोण? बाबांचं वय ७४, स्टेथो कानात घालून ते मला विचारतात, 'सुरू झालं का गं?' अहो बाबा मला कसं ऐकू येईल, नळ्या तुमच्या कानात आहेत! तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे, एकदा तर पट्टा सुटला आणि फुगा आईच्या चहात. पारा खोटं बोलत नसेल, पण तो ऐकणारा कान आणि स्वच्छ नळी मागतो, आणि आमच्याकडं दोन्ही नव्हतं. म्हणून नवीन.

आता मशीनबद्दल. हे कोरोत्कोव्हसारखे ठोके ऐकत नाही, आत मायक्रोफोन नसतो. पट्टा फुगतो, हळूहळू सुटतो, आणि धमनीच्या धडधडीनं पट्ट्यातल्या हवेत जे बारीक हेलकावे येतात ते सेन्सर पकडतो. हेलकावा जिथं सगळ्यात मोठा तिथं सरासरी दाब, आणि त्यावरून वरचा आणि खालचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या फॉर्म्युल्यानं काढलेला. म्हणजे स्क्रीनवर दिसणारे १३२/८४ हे थेट मोजलेले नाहीत, हिशोब करून काढलेले आहेत. फॉर्म्युला प्रत्येक कंपनीचा वेगळा आणि गुपित, म्हणून शेजारच्या काकूंच्या मशीनवर १२६ आणि तुमच्यावर १३२ आलं म्हणून भांडत बसू नका. गंमत म्हणजे आत पाऱ्याचा थेंब नाही तरी एकक अजून 'मिलिमीटर पारा'च.

मग भरवसा कशावर ठेवायचा? दुकानदार म्हणेल 'जपानी टेक्नॉलॉजी आहे मॅडम', त्याला काही अर्थ नाही. विचारायचं एवढंच की हे मॉडेल क्लिनिकली व्हॅलिडेटेड आहे का. आयएसओ ८१०६०-२ नावाचं एक स्टँडर्ड आहे, त्यात निदान ८५ माणसांवर मशीन आणि स्टेथोवालं रीडिंग ताडून बघतात, सरासरी फरक ५ च्या आत यावा लागतो. 'स्ट्राइड बीपी' म्हणून एक यादी इंटरनेटवर फुकट बघता येते, तिथं मॉडेल नंबर टाकून शोधायचं, ब्रँड बघून नाही, कारण एकाच ब्रँडची दोन मॉडेलं यादीत असतात आणि चार नसतात. मी दुकानात उभं राहून मोबाइलवर शोधत होते तर दुकानदार वैतागला, पण शोधू दिलं बिचाऱ्यानं. गरोदर बाईसाठी घेत असाल तर गरोदरपणासाठी वेगळं तपासलेलं मॉडेल बघा, साधं तिथं चुकू शकतं.

पहिला आठवडा मात्र मी याला एकच स्टार दिला असता. रोज १५०च्या वर, एकदा १६८! आई रडकुंडीला, बाबा 'बघ मी म्हणलो होतो' असा चेहरा करून. मग मी एके संध्याकाळी शांतपणे फक्त बघत बसले की हे दोघं मोजतात कसं. आई दिवाणावर मांडी घालून, पाठीला काही नाही, हात मांडीवर लोंबता, पट्टा बाही असलेल्या जाड ब्लाऊजवर, आत्ताच चहा झालेला, मशीन घूंऽऽ करून फुगतंय आणि त्यात आई, 'अगं दूधवाल्याचे सुटे दिलेस का, आणि कुकरच्या किती झाल्या?'

आता हे सगळं एकेक करून बघा. बोललं की सहज दहाएक पॉइंट वाढतात. हात छातीच्या लेव्हलला पाहिजे, दहा सेंटीमीटर खाली असला तर सात-आठ पॉइंट उगाच चढतात, ते गणित त्या पाण्या-पाऱ्याच्या वजनाचंच आहे. चहा, तंबाखू, जिना चढणं यानंतर अर्धा तास थांबायचं. लघवीला जाऊन यायचं, हो, भरलेल्या लघवीनंही वाढतं. पाठ टेकून खुर्चीत, दोन्ही पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, पाच मिनिटं गप्प, मग मोजायचं, एक मिनिट थांबून परत एकदा. पहिलं रीडिंग जवळजवळ नेहमीच जास्त येतं, त्याला घाबरायचं नाही. आणि अगदी पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजून घ्या, ज्या हातावर जास्त येतं तोच हात पुढं कायम धरा. डायलिसिसची फिस्टुला (ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या) असलेल्या हातावर मात्र पट्टा बांधायचाच नाही.

एवढं करूनही आईचं थोडं चढंच येत होतं. मग कळलं की पट्टा लहान आहे! मशीनसोबत आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर दंडासाठी, आईचा दंड शिवणकामाच्या टेपनं मोजला तर ३४. लहान पट्टा जाड दंडावर बांधला की बीपी खोटं वाढीव दाखवतं, हे पुस्तिकेत होतं, मुंगीच्या अक्षरात, पान १९ वर. दुकानात विकताना एकानं तरी विचारावं की नाही कुणासाठी घेताय, दंड केवढा? नाही विचारलं. २२ ते ४२ चा मोठा पट्टा वेगळा ६५० ला घ्यावा लागला. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. टेप ब्लाऊजच्या मापाला काढता तशी काढा, खांदा आणि कोपर याच्या बरोबर मध्ये दंड मोजा आणि मगच दुकानात जा.

मनगटाचं मशीन घ्यायचा मोह होतो, छोटं, गोंडस, स्वस्त. मावशीनं घेतलंय. मनगट जरा खाली-वर झालं की आकडा कुठल्या कुठं, त्यामुळे दंडाला पट्टा बसतच नसेल तरच. स्मार्ट वॉचच्या बीपीवर तर मी काही लिहीत नाही, भाचा दिवसभर दाखवत असतो, दाखवू दे.

मोठा पट्टा आल्यावर परत सात दिवस. सकाळी गोळी आणि नाष्ट्याच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्याची सरासरी काढायची. बाबा रिटायर्ड बँकवाले, त्यांनी लेजरसारखे कॉलम आखून वही केली, लाल पेनानं बेरजा. सरासरी आली १३१/८२. घरी मोजताना १३५/८५ च्या खाली पाहिजे, दवाखान्यात जी रेघ १४०/९० ला असते ती घरी थोडी खाली असते, हे पण आम्हाला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी मशीनकडं बघितलंसुद्धा नाही, वही मात्र पान न् पान बघितली. मग आमचं मशीन आणि त्यांचं मशीन एकाच हातावर आलटून पालटून लावून बघितलं, फरक ४ चा. म्हणले, 'यांना दवाखान्याची भीती आहे, गोळी आहे तेवढीच राहू द्या, भडंग आणि लोणचं कमी करा.' आई सांगलीची, भडंग कमी करा म्हणणं म्हणजे काय! पण एक गोळी वाढायची वाचली, मशीनचे पैसे तिथंच फिटले. (तुम्ही मात्र मशीन बघून स्वतःच गोळी कमी-जास्त करू नका, आमच्या गल्लीत एकानं तसं केलंय आणि चार दिवस आयसीयूत काढलेत.)

बाकी बारीकसारीक. स्क्रीनला मागून लाईट नाही, पहाटे टॉर्च लागतो. मेमरी दोघांची आहे पण बटण चुकून दाबलं की आईचे आकडे बाबांच्या खात्यात, म्हणून वहीच बरी. सेल बदलले की तारीख परत १ जानेवारी. चार्जिंगवाले सेल घातले तर सारखी बॅटरी लो, कारण ते १.२ व्होल्टचे असतात आणि साधे दीडचे. अ‍ॅडॉप्टरला भोक आहे, अ‍ॅडॉप्टर नाही, तो वेगळा घ्या. ठोके अनियमित असले की हृदयाचं एक चिन्ह लुकलुकतं, ते वारंवार आलं तर ईसीजी काढून घ्या. शिवाय ज्यांचं ठोक्याचं तालच बिघडलेलं असतं त्यांच्यात या मशीनचा हिशोबही डळमळतो, अशांना डॉक्टरांनी स्टेथोनंच बघितलेलं चांगलं.

आता राहिलं ते पत्र्याचं खोकं. खरं म्हणजे यासाठीच लिहायला घेतलं.

गेल्या पावसाळ्यात भाचीच्या हातनं काचेचा थर्मामीटर फुटला. शहाबादी फरशीवर पाऱ्याचे मणी सगळीकडं पळाले, आणि आम्ही सगळे लहानपणी तेच खेळलेलो, वहीच्या पुठ्ठ्यावर मणी पळवायचे, दोन जोडून एक करायचा, त्यामुळे आईनंही हौसेनं बोटानं गोळा केला. अंगठीसकट! दहा मिनिटांत सोन्याची अंगठी चांदीसारखी पांढरी. सोन्याला पारा चिकटतो, धुऊन जात नाही. सराफाकडं नेली तर तो म्हणाला, तापवली की उडतं. उडतं म्हणजे जातं कुठं? वाफ होऊन त्याच्या छातीत. पाऱ्याचा मणी चुकून गिळला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो, पण वाफ श्वासातून गेली की त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास पारा रक्तात उतरतो, आणि तो खोलीतल्या साध्या तापमानालाही थोडा थोडा उडत असतो, ना वास ना रंग. लहान मुलं जमिनीलगत खेळतात, त्यांना जास्त.

तर फुटला तर काय करायचं, हे मी नंतर नीट शिकले. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा आणि एसी बंद. झाडू नाही, व्हॅक्यूम तर अजिबात नाही, त्यानं मण्यांचे शंभर मणी होतात आणि वाफ घरभर. अंगठ्या-बांगड्या उतरवून, हातमोजे घालून, दोन कडक पुठ्ठ्यांनी मणी एकत्र ढकलायचे, ड्रॉपरनं किंवा सुई नसलेल्या सिरींजनं ओढून घ्यायचे, बारीक राहिलेले चिकटपट्टीनं उचलायचे, टॉर्च तिरका मारला की फटीतले चमकतात. सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत, थोडं पाणी घालून, वर चिठ्ठी. बेसिनमध्ये ओतायचं नाही. आमच्या सांगलीत बेसिनमधलं कुठं जातं हे शेरीनाला बघितलेल्या कुणालाही सांगायला नको, नाल्यातून कृष्णेत. आणि चिखलातले जंतू पाऱ्याचं मिथाइल मर्क्युरी नावाचं विष करतात, ते माशात साठतं, मोठ्या माशात आणखी, शेवटी ताटात. जपानच्या मिनामाटात तर केमिकलच्या कारखान्याच्या सांडपाण्यातूनच मिथाइल मर्क्युरी समुद्रात गेलं, तिथून माशात, आधी मासे खाणारी मांजरं तडफडून वेडीवाकडी नाचायला लागली, मग १९५६ मध्ये माणसांचे रोगी पुढं आले. आपल्याकडं कोडाईकनालला तर थर्मामीटरचीच फॅक्टरी होती, गावातल्या भंगारवाल्याकडं पारा लागलेल्या काचा सापडल्यावर २००१ मध्ये बंद पडली.

एका थर्मामीटरमध्ये पारा जेमतेम अर्धा-एक ग्रॅम. आजोबांच्या बीपी मशीनमध्ये? अशा मशीनमध्ये साधारण ८० ते १०० ग्रॅम असतो. म्हणजे आम्ही शंभरेक थर्मामीटर देव्हाऱ्याशेजारी ठेवून उदबत्ती लावत होतो. त्या मिनामाटाच्याच नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१७ पासून लागू, भारतानं २०१८ मध्ये मान्य केला, आणि त्याच्यामुळेही दवाखान्यातनं पाऱ्याची मशीनं आणि थर्मामीटर निघत चालले आहेत. दवाखान्यात काढलं की त्याची ठरलेली वाट असते. घरातलं काढलं की कुठं द्यायचं? २०१६ च्या घनकचरा नियमांत फुटलेला थर्मामीटर घरगुती घातक कचरा म्हणून नावानिशी लिहिलेला होता, ओल्या-सुक्यात टाकायचा नाही, केंद्रावर द्यायचा. केंद्र शोधायला मी तीन ठिकाणी फोन केले. एकानं सांगितलं सुक्यात टाका, एकानं सांगितलं भंगारवाल्याला द्या, पत्रा चांगला जातो! आमच्या कचरा न्यायला येणाऱ्या मावशी हातानं निवडतात हो, हातमोज्याशिवाय. त्यांच्या हातात हे द्यायचं?

शेवटी एका हॉस्पिटलच्या बायोमेडिकल कचऱ्याच्या माणसानं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, नळीचा कॉक बंद करा, खोकं आडवं करू नका, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून घट्ट डब्यात ठेवा, आमची गाडी मंगळवारी येते, त्यांना विचारून तुम्हाला कळवतो.

नवीन मशीनला साडेतीन स्टार, अर्धा त्या पट्ट्यासाठी कापला आणि एक त्या मुंगीच्या अक्षरांसाठी. डबा माळ्यावर उभा आहे, वर बाबांच्या लेजरच्या अक्षरात 'पारा. हात लावू नये.' तीन मंगळवार झाले, उद्या परत फोन करते.